देवमातेच्या बुरुजावरील बाल्ताझार

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठाणे असलेले घोडेगाव घोड नदीच्या काठी वसले आहे. जत्रांचा हंगाम आला की या पट्ट्यातील रात्री जाग्या होतात. तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव येथून फार दूर नाही आणि तेथे जमलेले फड सुपारी घेऊन गावोगाव हिंडत असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री घोडेगावातील एका ख्रिस्ती कुटुंबात आमचा मुक्काम होता. घरातील तरुण मुले तमाशा पाहून परतली ती गौळणीतल्या मावशीची नक्कल करीतच. मावशीचे सोंग अर्थातच एका पुरुषाने वठवले होते. त्याचे ते लुगडे, ते ठुमकणे, तो लाडिक आवाज यांची आठवण काढून सारे घर हसत होते. फक्त कोपऱ्यात बसलेल्या आजी हसल्या नाहीत. हशा ओसरल्यावर त्यांनी आम्हांला विचारले, "फादर, पुरुष बाई झाला की समदी हसत्यात. बाई पुरुष झाली तर काय करत्यात?"

आम्ही उत्तर शोधत होतो, तोवर आजींनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. त्यांचे माहेर जुन्या आंबेगावचे. ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. वडील अंथरुणाला खिळलेले, थोरला भाऊ पोट भरण्यासाठी मुंबईला गेलेला. भात पिकू लागले की रात्री रानडुकरे शेतात शिरत. राखणीला माळ्यावर कुणीतरी बसायलाच हवे होते. परंतु पंधरा वर्षांची मुलगी रात्री एकटी रानात बसली आहे, हे लोकांना कळू देणे डुकरांहून अधिक धोक्याचे. तेव्हा आईने भावाचे धोतर, पैरण आणि मुंडासे काढून दिले. सबंध दोन हंगाम आजी 'भाऊ' होऊन माळ्यावर बसल्या, जाड आवाजात हाळी देत राहिल्या. "पीक वाचलं, फादर. पर मास्तर एकदा बायबलातलं वाचून दाखवत व्हते, की बाईनं पुरुषाचं कापड नेसू नये, देवाला त्याची किळस येते. तवापासून मनात हाय. ते पाप व्हतं का?"

ही गोष्ट त्यांनी चारचौघांत सांगितली आणि ती लिहिण्यास आनंदाने संमती दिली, म्हणूनच ती येथे येऊ शकते. त्या रात्री आम्ही 'नाही, आजी, ते पाप नव्हते' एवढेच म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण फार तोकडे होते. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले सविस्तर उत्तर आहे.

मास्तरांनी वाचून दाखवलेले वचन अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायातील पाचवे. वचन कठोर आहे, यात शंका नाही. परंतु ख्रिस्तसभेच्या महान आचार्यांनी ते कसे वाचले हेही पाहिले पाहिजे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. स्त्रीने पुरुषाचा किंवा पुरुषाने स्त्रीचा वेष विलासापोटी धारण करणे त्यांना दोषास्पद वाटते. मूर्तिपूजकांच्या विधींत असे वेषपालट होत असत, म्हणून नियमशास्त्राने ते निषिद्ध ठरवले, असे ते सांगतात. मात्र पुढे ते स्पष्ट म्हणतात की, गरजेपोटी हे पापाविना करता येते : शत्रूपासून लपण्यासाठी, दुसरे वस्त्र नसल्यास किंवा अशाच अन्य कारणास्तव. म्हणजे वेषाचा न्याय वेषावरून होत नाही, तो हेतूवरून आणि गरजेवरून होतो. माळ्यावरच्या त्या मुलीची सुटका संत थॉमस यांनी सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवली होती!

तथापि ग्रंथातील शहाणपण न्यायासनापर्यंत पोहोचतेच असे नाही. १४३१ मध्ये रूआँ शहरात जोन ऑफ आर्कवर खटला चालला, तेव्हा तिच्या पुरुषी वेषाला आरोपपत्रात मोठे स्थान होते. तिने एकदा माघार घेऊन स्त्रीवेष स्वीकारला. परंतु काही दिवसांतच तुरुंगात ती पुन्हा पुरुषवेषात दिसली आणि तेवढे निमित्त पुरले. ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. पुढे फेरतपासणी झाली, तेव्हा साक्षीदारांनी सांगितले की, कोठडीतील पहारेकऱ्यांपासून अब्रू वाचवण्यासाठी तिला त्या वेषाचा आधार होता. १४५६ मध्ये तो निवाडा रद्दबातल ठरला आणि १९२० मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तिला संतपद बहाल केले. न्याय मिळाला, पण चार शतकांहून अधिक काळाने. त्या दिरंगाईत ज्यांचा हात होता, ते न्यायाधीश आमच्यासारखेच झगा घालणारे होते, हे विसरून चालणार नाही.

जोनने स्वतःचे नाव आणि स्त्रीत्व कधी लपवले नव्हते. संपूर्ण आयुष्यच लपवणाऱ्या स्त्रियांची परंपरा ख्रिस्तसभेत तिच्याहून कितीतरी जुनी आहे. लेबनॉनच्या ख्रिस्ती परंपरेत संत मरीना यांची कथा श्रद्धेने सांगितली जाते. विधुर पिता मठात जायला निघाला. मुलीने केस कापून 'मरीनोस' हे नाव घेतले आणि ती त्याच्याबरोबर मठवासी झाली. पित्याच्या निधनानंतर एका खानावळवाल्याच्या मुलीने आपल्या मुलाचा बाप म्हणून मरीनोसकडे बोट दाखवले. एका शब्दाने सुटका झाली असती, परंतु तो शब्द मरीनोसने उच्चारला नाही. मठाबाहेर राहून, लोकांची निंदा सोसून तिने ते परके मूल वाढवले. मृत्यूनंतर देहाला स्नान घालताना मठवासीयांना सत्य उमगले आणि ते ओक्साबोक्शी रडले. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर किती उतरते हा प्रश्न बाजूला ठेवू. शतकानुशतके भाविकांनी ती जपली, याचा अर्थ असा की वेष पालटलेल्या स्त्रीत त्यांना केवळ नियमभंग दिसला नाही. त्यांना तिच्यात तपश्चर्या दिसली.

रंगभूमीचे लक्ष मात्र तपश्चर्येपेक्षा चमत्कृतीकडे अधिक गेले. १६०९ मध्ये स्पेनचा थोर नाटककार लोपे द वेगा याने नाट्यलेखनाविषयी पद्यनिबंध लिहिला. पुरुषवेषातील स्त्री प्रेक्षकांना फार रुचते, असे त्याने त्यात नोंदवून ठेवले आहे. लवकरच स्पेनला जिवंत नायिकाही मिळाली. कातालिना द एराउसो ही बास्क मुलगी मठातून पळाली, पुरुषवेषात दक्षिण अमेरिकेत पोहोचली आणि चिलीच्या युद्धात निशाणबरदार झाली. अखेर पेरूमधील ग्वामांगाच्या बिशपांपुढे तिने आपले सत्य उघड केले. पोप उर्बन आठवे यांनी आपल्याला पुरुषवेष चालू ठेवण्याची अनुज्ञा दिली, असे तिच्या नावावरील आत्मकथनात म्हटले आहे. हुआन पेरेझ द मोंताल्बान याने ती हयात असतानाच, १६२६ च्या सुमारास, तिच्यावर नाटक रचले. त्याच वर्षी पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी तिला रोममध्ये भेटला आणि त्याने तिचे वर्णन लिहून ठेवले. गोव्यात राहून नुकताच मायदेशी परतलेला हा तोच प्रवासी.

आपल्या मराठी रंगभूमीलाही हा विषय अपरिचित नाही. शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन' नाटकात इमोजेन ही राजकन्या फिडेल हे पुरुषनाम घेऊन रानात आसरा शोधते. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी त्या नाटकावरून 'तारा' हे मराठी नाटक रचले. बडोद्यात झालेल्या त्याच्या प्रयोगाविषयी तेथील इंग्रज प्राध्यापक हॅरॉल्ड लिटलडेल यांनी १८८० मध्ये विलायतेतील एका मासिकात सविस्तर लिहिले. त्या काळी मराठी रंगमंचावर स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. आपल्या ख्रिस्ती समाजाच्या तियात्रातही प्रारंभी हीच रीत होती. पहिला तियात्र १८९२ मध्ये मुंबईत रंगला, पण स्त्रीचे काम स्त्रीनेच करावे यासाठी १९०४ साल उजाडावे लागले. जुवांव आगुस्तीन फेर्नांदिस यांच्या पत्नी रेजिना त्या वर्षी रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुरुषाने साडी नेसली तर ती कला आणि स्त्रीने स्वतःच्याच वेषात उभे राहणे हे मात्र धाडस, असा तो उलटा न्याय होता.

रंगमंचावरचे सोंग पडदा पडला की उतरवता येते. जे सोंग तेरा वर्षे उतरवता आले नाही, त्याची हकीकत आपल्या अगदी शेजारची आहे.

मारिया उर्सुला द आब्रेउ इ लेंकास्त्र हिचा जन्म १६८२ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी तिने वडिलांचे घर सोडले आणि महासागर ओलांडून ती लिस्बनला पोहोचली. १ सप्टेंबर १७०० रोजी तेथील लष्करी नोंदवहीत एका नव्या शिपायाचे नाव चढले : बाल्ताझार दो कोउतो कार्दोसो. ती मारिया उर्सुलाच होती. हा शिपाई हिंदुस्थानच्या मोहिमेवर रवाना होऊन गोव्यास आला.

लिस्बन ते गोवा हा त्या काळचा जलप्रवास म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून सहा-सात महिने. दाटीवाटीचे जहाज, कुजलेले पाणी, हिरड्या सुजवणारा रोग. शेकडो पुरुषांच्या त्या गर्दीत ना आडोसा, ना एकान्त. आजींना दोन हंगाम रात्रीपुरते भाऊ व्हावे लागले. बाल्ताझारला झोपेतही बाल्ताझारच राहावे लागले असणार.

गोव्यात आल्यावर बाल्ताझारने प्रत्यक्ष लढायांत भाग घेतला. त्यांपैकी एका ठिकाणाचे नाव काही परकी पुस्तकांत 'आंबोइना' असे छापलेले आढळते. परंतु मसाल्याच्या बेटांतील आंबोइना १६०५ पासून डचांच्या ताब्यात होते. गोव्यातील शिपायाने हल्ला केला तो डिचोलीजवळच्या आमोण्यावरच असावा, हे अधिक सयुक्तिक वाटते. दुसरी मोहीम १७०५ सालची. व्हाइसरॉय कायतानो द मेलो इ कास्त्रो याने बार्देशातील हळदोण्याशेजारचे खोर्जुवे बेट वाडीकर सावंतांकडून जिंकून घेतले. त्या मोहिमेतही बाल्ताझार होता. खोर्जुव्याचा जांभ्या दगडाचा चौकोनी, लहानसा किल्ला आजही उभा आहे. त्याच्या तटावरून नदीचे वळण आणि माडांच्या रांगा दिसतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे. बाल्ताझारच्या तलवारीच्या दुसऱ्या टोकाला जे उभे होते, ते सावंतांचे शिपाई म्हणजे आपल्याच कोकणातील शेतकऱ्यांची मुले होती. एका परकीय सत्तेच्या विस्तारासाठी ती लढली. तिच्या शौर्याची नोंद घेताना त्या सत्तेचा जयजयकार करण्याचे कारण नाही. धाडस आणि न्याय्य कार्य या दोन गोष्टी नेहमीच हातात हात घालून चालत नाहीत, हाही इतिहासाचा एक धडा आहे.

खोर्जुव्याला जाणाऱ्या प्रवाशांना एक रंजक कथा हमखास ऐकवली जाते : शत्रूने बाल्ताझारला पकडले, वस्त्रे उतरवली आणि गुपित फुटले. नाटककाराला याहून चांगला प्रवेश कोठे मिळणार! परंतु तारखा वेगळे बोलतात. बेट जिंकले गेले १७०५ मध्ये आणि बाल्ताझारची लष्करी सेवा नोंदली आहे १२ मे १७१४ पर्यंत. म्हणजे त्या लढाईनंतरही सुमारे नऊ वर्षे हा शिपाई सेवेत होता. १७०५ मध्येच गुपित फुटले असते, तर ही नऊ वर्षे कशी उलगडायची? लोककथेला वस्त्रे उतरवण्याची घाई असते. एखादी स्त्री स्वतःच्या निर्धाराने सत्य राखू शकते आणि स्वतःच्या इच्छेने ते प्रकटही करू शकते, ही गोष्ट कथेकऱ्यांना सुचतच नाही.

या सेवाकाळात बाल्ताझारला बढतीही मिळाली आणि ती मिळाली आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर. चौल येथील पोर्तुगीज कोटातील एका बुरुजाची नायकी त्याच्याकडे सोपवण्यात आली. त्या बुरुजाचे नाव 'माद्र द देउस', म्हणजे देवमाता. पुरुषांचे जग जिला पुरुष समजत होते, ती एका मातेच्या नावाच्या बुरुजावर पहारा देत उभी होती, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. त्या पहाऱ्यावर तिने कितीदा 'नमो मरिया' म्हटले असेल, याची नोंद कोणत्याही लष्करी वहीत असणे शक्य नाही.

१७४० मध्ये पोर्तुगीजांना चौल मराठ्यांच्या स्वाधीन करावे लागले. त्या कोटाला आज आपण रेवदंड्याचा किल्ला म्हणतो. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या बागा बहरल्या आहेत आणि त्यांच्या सावलीत जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. खाडीपलीकडच्या कोर्लई गावातील आपले बांधव आजही पोर्तुगीज वळणाची आपली खास बोली बोलतात आणि माउंट कार्मेल मातेच्या देवळात प्रार्थनेला जमतात. दर्यावर्दी, शिपाई आणि स्थानिक कुटुंबे यांच्या मिसळणीतून जी माणसे या किनाऱ्यावर रुजली, त्यांचा वारसा या गावाने जपला आहे.

१२ मे १७१४ रोजी बाल्ताझारची सेवा संपली आणि मारिया उर्सुला पुन्हा आपल्या नावाने जगू लागली. तिने आफोन्सो तैशेरा आर्राइस द मेलो याच्याशी विवाह केला. गोवा बेटावरील संत जॉन बाप्तिस्ता किल्ल्याचा तो अधिकारी राहिलेला होता. एवढी वर्षे लष्कराला फसवले म्हणून तिला शिक्षा झाली का? झाली नाही. उलट ८ मार्च १७१८ रोजी पोर्तुगालचा राजा जोआंव पाचवा याने तिच्या सेवेची कदर करून तिला वेतन बांधून दिले. कारकुनांनी बाल्ताझारच्या लढाया मोजल्या आणि त्यांचा मोबदला मारियाच्या हाती ठेवला.

जोन आणि मारिया उर्सुला यांची तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. वेष दोघींनी पालटला. एकीला चिता मिळाली, दुसरीला वेतन. फरक वेषात नव्हता. जोनचे न्यायाधीश तिच्या शत्रूंच्या गोटातले होते, मारियाचा राजा तिच्या सेवेचा लाभार्थी होता. ज्यांना स्त्री नको होती त्यांना तिच्या कपड्यांत पाप सापडले. ज्यांना तिचा उपयोग झाला होता त्यांनी कपड्यांकडे काणाडोळा केला. म्हणजे दोन्ही ठिकाणी निवाडा झाला तो सत्तेच्या सोयीने. संत थॉमस यांनी विचारलेला साधा प्रश्न, हिला याची गरज का पडली, हा कोणीच विचारला नाही.

तो प्रश्न आपण विचारायला हवा. मारियाने घर का सोडले? पुढील काळातील लेखकांनी तिच्याभोवती प्रेमाच्या आणि साहसाच्या कथा विणल्या. आमच्या मते कारणापेक्षा अधिक महत्त्वाची आहे ती अट. अठरा वर्षांच्या मुलीला जग पाहायचे असेल, स्वतःच्या बळावर उभे राहायचे असेल, तर तिने प्रथम आपले बाप्तिस्म्याचे नाव टाकून द्यावे, अशी ती अट होती. सबंध तेरा वर्षे तिला कोणीही मारिया म्हणून हाक मारली नसेल. वेषांतराची खरी किंमत ही आहे. केस पुन्हा वाढतात, वस्त्रे पुन्हा बदलता येतात, पण आपल्या नावाने कोणी हाक न मारलेली वर्षे परत मिळत नाहीत.

इतिहासानेही तिला जवळ केले ते बाल्ताझारच्या निमित्तानेच. ती शिपाई झाली म्हणून तिचे नाव लष्करी वहीत आले आणि वहीमुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले. त्याच काळात चौलच्या कोटात शेकडो स्त्रिया राहत होत्या. वेढ्याच्या भीतीत त्यांनी मुले वाढवली, तापाने फणफणलेल्या शिपायांची शुश्रूषा केली, धान्य पुरवून पुरवून वापरले. त्यांपैकी कोणालाही राजाने वेतन बांधून दिले नाही. त्यांचा दोष एवढाच की, त्यांनी आपले काम स्त्रीच्या वेषात केले.

आपल्या धर्मग्रामाच्या वह्या मात्र या बाबतीत राजाच्या वह्यांहून उदार आहेत. स्नानसंस्काराच्या नोंदीत मुलीचे नाव मुलाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले जाते. विवाहाच्या नोंदीत वधूची सही वराच्या शेजारी असते. परंतु या दोन नोंदींच्या मध्ये तिने काय केले, कोणत्या माळ्यावर रात्री जागवल्या, हे लिहायला आपल्याकडे वही नाही. ती वही घराघरांत आजींच्या स्मरणात असते आणि आजींबरोबरच ती मिटते. नाताळला, ईस्टरला उत्साहाने नाटके बसवणाऱ्या आपल्या तरुणांना आमची विनंती आहे की, चौलच्या बुरुजावरील मारियावर जरूर नाटक रचावे. पण त्याआधी आपल्या घरातील आजींजवळ तासभर बसावे. कदाचित पहिला अंक तेथेच मिळेल.

त्यानंतर घोडेगावला जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही आजींना मारिया उर्सुलाची हकीकत आणि संत थॉमस यांचे म्हणणे सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एकच विचारले, "पगार तिला मिळाला तो कंच्या नावानं?"

"मारियाच्या नावानं, आजी," आम्ही म्हणालो.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमचं पीक बाजारात इकलं ते भावाच्या नावानं."

पाप कोठे होते ते आम्हांला तेव्हा नीट कळले. ते त्या धोतरात आणि मुंडाशात नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलीला आपले शेत राखण्यासाठी जे सोंग घ्यायला लावते आणि राखलेले पीक दुसऱ्याच्या नावे मांडते, त्या व्यवहारात ते होते. त्याची कबुली आजींनी द्यायची नाही. ती आपण सर्वांनी द्यायची आहे.